न आलेल्या राजाची खोली

चावीबाईंना निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांची घरातली सगळी कपाटं तीनदा लावून झाली होती. चौतीस वर्षं त्यांनी शहरातल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात मोठ्या हॉटेलात खोल्यांची व्यवस्था पाहिली. कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून नाव पडलं चावीबाई. आता घर तीन खोल्यांचं आणि माणसंही तीनच: त्या, शहर बस चालवणारा नवरा आणि नव्वदीच्या सासूबाई. सकाळी नऊच्या आत घर लख्ख व्हायचं आणि मग उरलेला दिवस आ वासून पुढ्यात उभा राहायचा.

"सूनबाई, माझी उशी आज चौथ्यांदा झटकलीस," सासूबाई एके दिवशी म्हणाल्या. "माझं सोड, ती उशीसुद्धा आता वैतागली असेल. कुठेतरी जाऊन ये ना!"

जायला कुठे, हा प्रश्न त्याच दुपारी सुटला. हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला.

हॉटेलला शंभर वर्षं होत होती, म्हणून रोज सकाळी अकरा वाजता पाहुण्यांना सगळी इमारत फिरवून तिचा इतिहास सांगायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक नेमले होते. माणूस विद्वान, पण दिशांच्या बाबतीत आनंदीआनंद. तिसऱ्याच दिवशी ते चौदा पाहुण्यांना घेऊन घुमटाखालचा दिवाणखाना दाखवायला निघाले आणि पोचले तळघरातल्या धुलाईखान्यात. तिथून बाहेर पडायचा रस्ता चाळीस मिनिटं सापडला नाही. पाहुण्यांतलं एक जोडपं शेवटी चादरींच्या गाडीत बसून मागच्या दाराने रस्त्यावर आलं.

"बाई, तुम्ही या," मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाला. "तुम्हाला हॉटेल डोळे मिटून फिरता येतं. इतिहासाचं पत्रक छापलेलं आहे, तेवढं पाठ करा."

बाईंनी पत्रक दोन दिवसांत तोंडपाठ केलं आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाल्या.

त्या हॉटेलचं कौतुक सगळ्या शहरालाच होतं. कोणाला पत्ता सांगायचा तर मोठ्या हॉटेलपासून डावीकडे की उजवीकडे, तिथून सुरुवात. ज्यांना आत चहा प्यायची ऐपत नव्हती तेही समोरच्या फुटपाथवर उभं राहून फोटो काढायचे. एका लाकडाच्या व्यापाऱ्याने ते बांधलं होतं, आणि आयुष्यभर ज्याने लाकूड विकलं त्याने इथे मात्र जिकडेतिकडे संगमरवर वापरला होता. मधला जिना इतका रुंद, की सात माणसं हातात हात घालून एका ओळीत उतरू शकतील. वर रंगीत काचांचा घुमट. सकाळी दहाच्या सुमाराला त्यातून ऊन उतरलं, की खाली पेपर वाचत बसलेल्या पाहुण्यांची टकलं लाल-हिरवी दिसायची. लिफ्टमध्ये मखमलीचा बाक होता, कारण शंभर वर्षांपूर्वी पाचव्या मजल्यावर जायचं म्हणजे प्रवासच वाटायचा, आणि लिफ्टचा वेग पाहता अजूनही वाटतो, असं चावीबाई पाहुण्यांना सांगायच्या.

पत्रकात लिफ्टबद्दल एवढं नव्हतं. पण बाईंची जीभ एकदा सुटली की पत्रकाला कोण विचारतो? पितळी कड्या कशाने घासतात, दिवाणखान्यातलं झुंबर खाली उतरवायला किती माणसं लागतात, कुठल्या पाहुण्याचा पोपट तीन दिवस पडद्यामागे लपून टेलिफोनसारखा वाजत होता, हे सगळं त्या रंगवून सांगायच्या. आठवड्यात गर्दी दुप्पट झाली.

आणि ह्या सगळ्याचा कळस म्हणजे चौथ्या मजल्यावरची राजाची खोली. दाराशी पितळी पाटी होती: बहात्तर वर्षांपूर्वी दूरदेशीच्या एका राजाने इथे तीन आठवडे मुक्काम केला. आत घोडा मावेल एवढा पलंग, समुद्राकडे उघडणारी खिडकी आणि सिंहाच्या पायांचा आंघोळीचा टब. पत्रकात राजाबद्दल चारच ओळी होत्या. चावीबाईंना त्या फारच कोरड्या वाटल्या. मग त्यांनी राजाला थोडं सजवलं. राजाला म्हणे आठ उशा लागत. चार डोक्याखाली, दोन पायाशी आणि दोन नुसत्या सोबतीला. पाहुणे हसायचे, पलंगाकडे नव्याने बघायचे. बाईंना धन्य वाटायचं.

महिनाभराने त्यांच्या मनात आलं, एकदा आईंनाही दाखवावं. सासूबाईंनी ऐन तरुणपणी, लग्नाआधी, चार वर्षं ह्याच हॉटेलात कपड्यांना इस्त्री केली होती. पण नोकरमाणसांची ये-जा मागच्या दाराने. पुढच्या गोल फिरत्या दारातून त्या कधी आत आल्याच नव्हत्या.

"त्या दारात अडकले तर?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही अडकत, आई. मी आहे ना!"

पुढच्या गुरुवारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, काठी टेकत आल्या आणि फिरत्या दारात शिरल्या. दाराने त्यांना आत घेतलं, पण त्या काही बाहेर पडेनात. एक फेरी, दुसरी फेरी. दारवान घाबरून दार थांबवायला धावला.

"थांबवू नकोस रे!" आतून आवाज आला. "अजून एक होऊ दे."

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत सगळं छान चाललं होतं. वीस-बावीस पाहुणे राजाच्या पलंगाभोवती उभे होते. सासूबाईंना कोणीतरी खुर्ची दिली होती. दारात मॅनेजरही येऊन उभा राहिला होता, बाईंचं बोलणं ऐकायला त्यालाही आवडायचं. बाई नेहमीच्या ठिकाणी आल्या.

"आणि महाराजांना झोपताना आठ उशा लागत. चार डोक्याखाली..."

"आठ?" खुर्चीतून प्रश्न आला. "आठ कुठल्या? चारच होत्या. अभ्र्यांना इस्त्री मीच केली होती."

पाहुणे वळले. चावीबाईंनी हसून वेळ मारून नेली. "ह्या माझ्या सासूबाई. इथेच कामाला होत्या. बरं, तर चार उशा. राजे रोज सकाळी ह्या खिडकीत..."

"कोण राजा?" सासूबाई म्हणाल्या. कानाने थोडं कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही खणखणीत असायचं. "राजा आलाच नव्हता, सूनबाई! आम्ही अकरा दिवस राबराब राबलो आणि तो काही आला नाही. त्याची दाढ दुखत होती."

मग एक पाहुणी फिस्सकन हसली, आणि सगळे प्रश्न चावीबाईंना सोडून खुर्चीकडे जाऊ लागले. मॅनेजरचा चेहरा इस्त्री केलेल्या चादरीसारखा पांढरा आणि सपाट झाला.

परतीच्या बसमध्ये सासू-सुना एका बाकावर, पण तोंडं दोन दिशांना. योगायोगाने बस घरच्याच माणसाची होती. त्याने आरशातून दोघींकडे एकदा पाहिलं आणि शहाणपणाने रस्त्याकडे लक्ष दिलं.

घरी आल्यावर बाईंचा बांध फुटला. "आई, चारचौघांत माझी शोभा केलीत! बहात्तर वर्षं गप्प बसलात, अजून एक दिवस बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तेव्हाच्या मालकांनी आम्हाला सांगितलं होतं, बाहेर बोलायचं नाही. म्हणून नाही बोलले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पुढे कोणी विचारलं नाही. पण आठ उशा म्हणजे फारच झालं हं."

तेवढं खरंच होतं, कारण उशा बाईंच्याच होत्या.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण त्या बावीस जणांत एक पेपरात लिहिणारा होता. रविवारी चौथ्या पानावर छापून आलं: शतक गाठलेल्या हॉटेलातला राजा खरा की खोटा? दुपारी मॅनेजर स्वतः बाईंच्या दारात हजर. जिने चढून धापा टाकत होता.

"बाई, उद्या मालकीणबाई येतायत. पाटी त्यांच्या आजोबांनी लावलेली आहे. तुम्ही एवढंच सांगा, की सासूबाईंचं वय झालंय, त्यांना काही नीट आठवत नाही. वाद संपला. तुमचं काम चालू, माझीही नोकरी चालू."

सासूबाई आतल्या खोलीत शेंगा सोलत होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही कळायला मार्ग नव्हता. बाई "बघते" म्हणाल्या आणि मॅनेजरला पाणी देऊन वाटेला लावलं.

आत येऊन त्या सासूबाईंसमोर बसल्या आणि एक शेंग उचलली.

"आई, खरं सांगा. तो आला नव्हता, हे तुम्हाला पक्कं आठवतंय?"

"वय झालंय गं माझं," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "मला काय नीट आठवतंय!"

म्हणजे ऐकू गेलं होतं.

"मी असं कोणाला सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "पण मालकीणबाईंसमोर नुसत्या शब्दाला शब्द लावून चालायचं नाही. काहीतरी हातात लागेल असं सांगा."

सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "चादरी बघ. दोन डझन चादरींवर त्याच्या राज्याचा पक्षी भरायचा होता. भरतकामवाल्या बायका पुऱ्या पडेनात, म्हणून आम्हा इस्त्रीवाल्या पोरींच्या हातातही सुया दिल्या. मला कुठलं यायला भरतकाम! घाईघाईत माझ्या पक्ष्याला तीन पाय झाले."

चावीबाई जागच्या जागी ताठ झाल्या. सहाव्या मजल्यावरच्या कापडकोठीत, अगदी खालच्या फळीवर एक पेटी होती. तिच्यावर चिठ्ठी: राजाचं कापड, हात लावू नये. चौतीस वर्षं त्यांनी त्या पेटीवरची धूळ पुसली होती, पण कधी उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती उघडली. चोवीस चादरी, कडेने पिवळट पडलेल्या. बाईंनी पहिली चादर खिडकीशी नेली, बोटांत चुरगाळून पाहिली, नाकाशी धरली. हजारो चादरी हाताखालून गेलेल्या बाईला दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही. कापड अजून खळीने कडक होतं. आणि पक्ष्याच्या पंखांभोवती, टाक्यांच्या बाजूला, नक्षी उतरवताना काढलेल्या निळ्या पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या. ह्या रेघा पहिल्या धुण्यातच निघून जातात. तीन आठवडे राजा ह्यावर झोपला असता, तर त्यातली एक तरी चादर धुतली गेलीच असती ना?

एकोणिसाव्या चादरीवर तीन पायांचा पक्षी निघाला. बाई फरशीवर फतकल मारून बसल्या आणि एकट्याच हसत सुटल्या.

मालकीणबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या दालनात चावीबाईंनी टेबलावर दोन चादरी पसरल्या, रेघा दाखवल्या, पाय मोजून दाखवले. मॅनेजर भिंतीला चिकटून उभा होता.

"माझ्या सासूबाईंची स्मरणशक्ती चांगली आहे," बाई म्हणाल्या. "खोटं बोलले ते मी, आठ उशांचं. त्याबद्दल काय बोलायचं ते मला बोला."

मालकीणबाईंनी पक्ष्याचे पाय स्वतः पुन्हा एकदा मोजले. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाईंना वाटलं, रडतायत.

"अहो, माझ्या वडिलांनी सात वर्षांचे असताना ह्या राजाशी हात मिळवला होता!" हसू आवरत त्या म्हणाल्या. "मला रोज रात्री तीच गोष्ट सांगायचे. राजाचा हात म्हणे लोण्यासारखा मऊ होता. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते. एकीशी तर त्यावरून भांडून आयुष्यभराचा अबोला धरलाय. आता तिला फोन करावा लागणार!" आणि मग डोळे पुसून म्हणाल्या, "सासूबाईंना घेऊन या. त्या दिवशी नक्की काय झालं ते मला ऐकायचंय."

सासूबाई आल्या, आणि ह्या खेपेला फिरत्या दारात चार फेऱ्या मारून आल्या. मालकीणबाईंसमोर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"राजा दुपारी बारा वाजता यायचा होता. जिन्यावर गालिचा, बँडवाले तयार, दोनशे माणसांचं जेवण तयार. पाच मजल्यांचा केक. अकरा वाजता तार आली, की दाढ दुखते म्हणून जहाज मधूनच परत फिरलं. तुमचे आजोबा जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. आम्ही सगळे वरून कठड्यावरून बघत होतो. मग ते उठले आणि म्हणाले, अन्न वाया घालवायचं नाही. सगळ्यांना बोलवा."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे आम्हालाच. धुलाईवाले, माळी, भांडी घासणारे, कोळसा वाहणारे. मोठ्या दालनात, चांदीच्या काट्या-चमच्यांनी जेवलो. काटा कुठल्या हातात धरायचा ते कोणालाच माहीत नव्हतं. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. तुमचे आजोबा स्वयंपाकिणीबरोबर नाचले, आणि चांगलं नाचले. ती दीड माणूस होती." सासूबाई थांबल्या. "आणि आम्ही तिघी इस्त्रीवाल्या हळूच वर आलो आणि राजाच्या पलंगावर उड्या मारल्या. पण चादरी आधी काढून ठेवल्या हं. एवढी मेहनत केलेली."

चावीबाई थक्क होऊन ऐकत होत्या. तीस वर्षं ज्यांच्याबरोबर एका घरात काढली, त्या सासूबाई पलंगावर उड्या मारत होत्या!

"माझ्या शेजारी एक भट्टीवाला बसला होता," सासूबाई पुढे म्हणाल्या. "काळाकुट्ट, नखांत कोळसा. पांढऱ्या नॅपकिनला हात लावायला घाबरत होता. डाग पडेल म्हणून अंगरख्यालाच हात पुसत होता. मी म्हटलं, पूस रे बाबा, धुवायला आम्हीच आहोत. तेव्हा हसला. मग वर्षभराने आम्ही लग्न केलं."

"म्हणजे बाबा?" चावीबाईंच्या तोंडून निघालं. सासरे त्यांना आठवत होते ते कमी बोलणारे, जेवताना मांडीवर स्वच्छ फडकं पसरणारे.

"नाहीतर दुसरं कोण? एरवी भट्टीवाल्यांची आणि आमची गाठ पडायचीच नाही. ते तळघरात पाणी तापवायच्या भट्टीशी, आम्ही वर इस्त्रीच्या खोलीत." सासूबाईंनी काठी सरळ केली. "राजा आला असता तर आम्ही आपापल्या जागी कामात असतो. तुझा नवराही नसता, सूनबाई. मग तू कोणाच्या उशा झटकल्या असत्यास?"

पंधरा दिवसांत जुनी पाटी उतरली आणि नवी लागली. मजकूर मालकीणबाईंनी स्वतः लिहिला: ही खोली एका राजासाठी सजवली होती. तो आला नाही. त्याचं जेवण इथे काम करणाऱ्यांनी जेवलं आणि ते उत्तम झालं होतं, असं कळतं. तीन पायांच्या पक्ष्याची चादर काचेच्या चौकटीत भिंतीवर गेली. मॅनेजरने कपाळाला हात लावला होता, की आता ह्या खोलीत कोण राहणार? पण झालं उलटंच. राजा राहून गेलेल्या खोल्या बाकीच्या हॉटेलांतही होत्या. राजा न आलेली ही एकच. लोक वाट बघायला तयार होते.

शंभराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात मालकीणबाईंनी सासूबाईंना निरोप पाठवला, की एक दिवस ही खोली तुमची. हवं ते मागा, हवं ते खा, आरामात झोपा.

"झोपायचं काय त्यात? झोप मला घरीही येते," सासूबाई म्हणाल्या. "त्या टबासाठी मी एकवीस बादल्या गरम पाणी वर नेलं होतं. आधी त्यात बसते."

दुपारी दोनला त्या टबात शिरल्या. चावीबाई दाराबाहेर स्टुलावर बसल्या, कारण नव्वदीच्या माणसाला पाण्यात एकटं कसं सोडायचं? अर्धा तास झाला. एक तास झाला. आतून आधी गुणगुणणं आलं, मग चक्क मोठ्याने गाणं. बाहेर मार्गिकेत त्या दिवशी मुद्दाम ठेवलेल्या दुपारच्या फेरीचे अठरा पाहुणे जमले होते आणि मॅनेजर त्यांना पोपटाची गोष्ट तिसऱ्यांदा, अगदीच पुचाट करून सांगत होता.

"आई, पाणी गार झालं असेल," चावीबाईंनी दार वाजवलं. "निघता का? लोक थांबलेत."

"थांबू देत," आतून उत्तर आलं. "आणि ऐक, तो गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा गं?"

चावीबाईंनी डावीकडे म्हणून सांगितलं. मग त्या उठल्या, बाहेर जाऊन मॅनेजरला बाजूला केलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "चला, आज आपण तळघरापासून सुरुवात करू. भट्टी कुठे होती ते दाखवते."